उंदराच्या लिव्हरमधला जंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात उंदीर झालेत, मांजरीने उंदीर खाल्ला, बाळ माती खातं, कलेजीत काहीतरी वळवळताना दिसलं. असे प्रश्न सतत येतात आणि त्यातले बरेचसे फिरून एकाच जंतापाशी पोचतात: कॅपिलेरिया हेपॅटिका. माणसात हा आजार फार दुर्मीळ आहे. पण होतो तेव्हा बहुधा लहान मुलाला होतो आणि ओळखायला उशीर झाला तर जिवावर बेततो, म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत. या जंताची अंडी उंदीर जिवंत असेपर्यंत त्याच्या लिव्हरमध्येच अडकून असतात. खालची निम्मी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

1. हा जंत नेमका कसा असतो? पोटातल्या जंतांसारखाच का?

हाही गोलकृमीच, पण केसासारखा बारीक. 'कॅपिलेरिया' हे नाव केसावरूनच आलं आहे. मादी साधारण 5 ते 8 सेंटिमीटर लांब असते आणि जाडी मात्र 0.1 ते 0.2 मिलिमीटर. पोटातला मोठा जंत आतड्यात मोकळा राहतो. हा लिव्हरच्या मांसात वेटोळी घालून रुतून बसतो, त्यामुळे तो अख्खा सोडवून काढणं जवळजवळ अशक्य असतं. नात्याने तो चाबूक कृमीच्या जवळचा आहे.

1893 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये बँक्रॉफ्ट यांनी उंदरांच्या लिव्हरमधून त्याचं पहिलं वर्णन केलं. 1982 मध्ये मोरावेक यांनी त्याला 'कॅलोडियम' या वेगळ्या प्रजातीत टाकलं. त्यामुळे एका रिपोर्टवर कॅपिलेरिया हेपॅटिका आणि दुसऱ्यावर कॅलोडियम हेपॅटिकम लिहिलेलं दिसलं तर ते दोन आजार नाहीत. जंत एकच आहे.

2. प्रॅक्टिकलला उंदीर चिरला तर लिव्हरवर पांढरे-पिवळे डाग होते. हाच जंत का?

असू शकतो. डाग चपटे, वेडेवाकडे, रेघांसारखे असतील तर ते बहुतेक याच जंताच्या अंड्यांचे पुंजके असतात. डागाचा छोटा तुकडा काचपट्टीवर चेपून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. पिंपाच्या आकाराचं, दोन्ही टोकांना बूच असलेलं आणि कवचावर बारीक रेषा असलेलं अंडं दिसलं की शंका उरत नाही. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा एका टाचणीच्या डोक्याएवढ्या डागात इतकी अंडी खच्चून भरली होती की लिव्हरच्या पेशी शोधाव्या लागल्या.

डाग नसून वाटाण्यासारखी गोल पांढरी गाठ असेल, आणि ती फोडल्यावर आतून घडी घातलेली लांब पट्टी बाहेर आली, तर ती मांजरीच्या पट्टकृमीची अळी. उंदरांमध्ये तीही नेहमी सापडते. मांजरीने तो उंदीर खाल्ला की तिच्या आतड्यात त्या अळीचा पूर्ण पट्टकृमी होतो. एकाच लिव्हरमध्ये दोन्ही सापडू शकतात, म्हणून एक सापडलं म्हणून शोध थांबवू नका. आणि हातमोजे घालूनच चिरा.

3. अंडी लिव्हरमध्येच अडकून राहतात तर जंत पसरतो कसा?

मला या जंताबद्दल सर्वात जास्त नवल याच गोष्टीचं वाटतं.

मादी लिव्हरच्या आतच अंडी घालते. तिथून आतड्यात किंवा बाहेर जायला वाट नाही. उंदराचं शरीर त्या अंड्यांभोवती घट्ट तंतूंचं कवच उभारतं. जंत स्वतः महिना-दोन महिन्यांत मरून विरघळतात, अंडी मात्र तशीच राहतात. त्यांची पुढची वाढही तिथे होत नाही, कारण त्यासाठी मोकळी हवा आणि ओल लागते.

म्हणून यजमान, म्हणजे ज्याच्या शरीरात जंत राहतो तो प्राणी, मरावा लागतो. एक तर उंदीर कुठेतरी मरून कुजतो आणि अंडी मातीत मिसळतात. नाहीतर मांजर, कुत्रा, घुबड, साप किंवा दुसरा उंदीरच त्याला खातो. खाणाऱ्याच्या आतड्यात मांस पचतं, अंडी पचत नाहीत, आणि ती त्याच्या विष्ठेतून जमिनीवर पडतात. मग ओलसर, उबदार मातीत त्यांना तयार व्हायला साधारण महिनाभर लागतो, थंडीत त्याहून जास्त. त्यानंतरच ते अंडं कुणाला तरी लागण करू शकतं.

असं तयार अंडं तोंडावाटे पोटात गेलं की ते मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला फुटतं. अळी आतड्याची भिंत भेदते आणि रक्तातून काही दिवसांत लिव्हर गाठते. तीन-चार आठवड्यांत पुन्हा अंडी घालणं सुरू.

उंदीर एकमेकांची मढी खातात, त्यामुळे दाट वस्तीच्या शहरात ही साखळी जोरात चालते. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 1930च्या दशकात हजारो उंदीर तपासले होते, त्यातल्या दर दहापैकी आठाहून जास्त उंदरांत हा जंत होता. सत्तर वर्षांनी त्याच शहरात पुन्हा तपासलं, तरी आकडा तिथेच होता.

4. ओट्यावर उंदराच्या लेंड्या सापडतात. त्यातून होईल का?

या जंताच्या बाबतीत ताज्या लेंडीची भीती नाही. उंदराच्या स्वतःच्या लिव्हरमधली अंडी लेंडीत उतरत नाहीत. त्याने दुसऱ्या उंदराचं लिव्हर खाल्लं असेल तर त्या उंदराची अंडी लेंडीत येतील, पण तीही कच्ची असतात. त्यांना तयार व्हायला आठवडे आणि ओली माती हवी. रोज पुसला जाणारा ओटा म्हणजे ती जागा नव्हे.

लेंड्या तरीही साफ करायलाच हव्यात. त्यातून साल्मोनेलासारखे दुसरे आजार येतात. कोरड्या झाडूने उडवू नका, फिनेल किंवा ब्लीचच्या पाण्याने भिजवून पुसून घ्या.

5. पावसाळ्यात उंदराच्या मुतातून होतो तो हाच आजार का?

नाही. तो लेप्टोस्पायरोसिस. तो जिवाणूचा आजार आहे आणि साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून शिरतो. त्यातही लिव्हरला इजा होऊन कावीळ होते, म्हणून गल्लत होते. मुंबई-कोकणात त्याचा धोका या जंताच्या कितीतरी पट मोठा आहे. पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर ताप आला तर आधी लेप्टोचा विचार करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

6. मग माणसाला लागण होते कशी? आणि लहान मुलांनाच जास्त का?

तयार झालेलं अंडं मातीतून तोंडात गेलं तरच. जिथे उंदीर कुजला किंवा जिथे मांजर-कुत्र्याने विष्ठा टाकली ती माती हाताला लागते, न धुतलेल्या भाजीवर राहते, उघड्या पाण्यात उतरते.

रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल जमिनीवर असतं, हातात येईल ते तोंडात घालतं. काही मुलांना माती खायची सवयच असते. त्यामागे पुष्कळदा रक्तातली लोहाची कमतरता असते, म्हणून अशा मुलाला रागावण्याआधी त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आईवडील ओरडतात, मूल लपून खातं, आणि मूळ कारण तसंच राहतं. हे फार वेळा पाहिलं आहे.

7. लक्षणं काय दिसतात?

तीन गोष्टी एकत्र: न हटणारा ताप, वाढलेलं लिव्हर आणि रक्तात खूप वाढलेले इओसिनोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. मूल सुकत जातं, पोट मात्र पुढे येतं. अंडी थोडी असतील तर काहीच जाणवत नाही, आणि अशी माणसं कधी मोजलीच जात नाहीत.

हे त्रिकूट फक्त याच जंताचं नाही. कुत्र्या-मांजरांच्या आतड्यातल्या टॉक्सोकारा या जंताच्या अळ्या माणसाच्या लिव्हरमध्ये शिरल्या तरी हेच दिसतं, आणि टॉक्सोकारा कितीतरी जास्त आढळतो. म्हणून डॉक्टर आधी त्याचा विचार करतात आणि ते बरोबरच आहे.

8. स्टूल रिपोर्टमध्ये 'कॅपिलेरिया हेपॅटिकाची अंडी' असं आलंय. माझं लिव्हर गेलं का?

बहुधा तुम्हाला हा आजार नाहीच. हे उलटं वाटेल, पण प्रश्न 3 वाचला असेल तर लगेच पटेल. खरी लागण असेल तर अंडी लिव्हरमध्ये अडकतात, शौचात येत नाहीत. शौचात आली याचा अर्थ तुम्ही कुठल्यातरी लागण झालेल्या प्राण्याचं लिव्हर खाल्लं आणि त्यातली कच्ची अंडी तुमच्या पोटातून नुसती प्रवास करून बाहेर पडली. याला खोटी लागण म्हणतात. ॲमेझॉनच्या जंगलात शिकारीचं मांस खाणाऱ्या लोकांत ती पुष्कळदा सापडली आहे.

खात्री करायची पद्धत साधी आहे. आठवडाभर लिव्हर, वजडी, शिकारीचं मांस काहीही खाऊ नका आणि पुन्हा तपासणी करा. अंडी गायब झाली तर विषय संपला.

दोन अपवाद मात्र ध्यानात ठेवा. पहिला, चाबूक कृमीचं अंडंही पिंपासारखंच आणि दोन बुचांचं असतं. त्याचं कवच गुळगुळीत असतं आणि बुचं जास्त बाहेर आलेली असतात. घाईत गल्लत होते, म्हणून लॅबला काचपट्टी पुन्हा पाहायला सांगा. दुसरा अपवाद जास्त महत्त्वाचा. याच जंताचा एक भाऊबंद, कॅपिलेरिया फिलिपिनेन्सिस, आतड्यातच राहतो आणि त्याची अंडी खरोखरच शौचात येतात. तो कच्च्या छोट्या माशांतून येतो. फिलिपाइन्स आणि थायलंडमध्ये तो माहीतच आहे, भारतातही त्याचे काही रुग्ण नोंदले गेले आहेत. कित्येक आठवडे जुलाब, पोटात गुरगुर आणि झपाट्याने घटणारं वजन असेल तर 'खोटी लागण' म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवू नका. तो आजार उपचाराविना मारतो.

9. मुलाची स्टूल टेस्ट नॉर्मल आली. म्हणजे लिव्हरमध्ये जंत नाही ना?

या जंताबाबत त्या टेस्टवरून काहीच सांगता येत नाही. कारण प्रश्न 8 मध्ये आलंच आहे. ताप, वाढलेलं लिव्हर आणि इओसिनोफिल हे तिन्ही असतील तर सोनोग्राफी आणि शेवटी लिव्हरची बायोप्सी हाच खात्रीचा मार्ग. सुईने काढलेल्या त्या बारीक तुकड्यात अंडी दिसली की निदान पक्कं. पॅथॉलॉजिस्टला 'मूल माती खातं, घराजवळ उंदीर आहेत' एवढं एक वाक्य लिहून पाठवलं तरी फार मदत होते. कुठे पाहायचं ते माहीत असलं की अंडी नजरेतून सुटत नाहीत.

10. शाळेत-अंगणवाडीत जंताची गोळी देतात. ती पुरते का?

राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी. 2015 मध्ये काही राज्यांत हे सुरू झालं आणि पुढे देशभर 1 ते 19 वर्षांच्या मुलांना ती दिली जाऊ लागली. तिचा रोख आतड्यातल्या जंतांवर आहे आणि तिथे ती चोख काम करते. मुलाला ती जरूर द्या.

लिव्हरमध्ये रुतलेल्या जंताला एक गोळी पुरत नाही. औषध बहुधा तेच असतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली बरेच दिवस द्यावं लागतं, आणि अंड्यांभोवतीची सूज कमी करायला सोबत स्टेरॉइड दिलं जातं. वेळेत सुरू झालं तर मुलं बरी झाली आहेत. मेडिकलमधून गोळ्यांची पाकिटं आणून घरी हा कोर्स करू नका. अल्बेंडाझोल जास्त दिवस घेताना लिव्हरच्या आणि रक्ताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात.

11. भारतात असे रुग्ण आहेत का, की हे सगळं परदेशातलं?

माणसातला जगातला पहिला नोंदलेला रुग्ण भारतातलाच. इथे तैनात असलेला एक तरुण ब्रिटिश सैनिक वारला आणि त्याच्या लिव्हरमध्ये ही अंडी सापडली. 1924 मध्ये ती नोंद प्रसिद्ध झाली. त्यानंतर भारतातल्या लहान मुलांचे रुग्णही वैद्यकीय नियतकालिकांत आले आहेत.

2011 मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी तोवरच्या जगभरच्या नोंदी एकत्र केल्या. लिव्हरच्या खऱ्या लागणीचे 72, फक्त रक्तातल्या प्रतिद्रव्यांवरून ठरलेले 13 आणि खोट्या लागणीचे 78. इतकेच. बायोप्सीशिवाय निदान पक्कं होत नाही हे धरलं तर खरा आकडा मोठा असणार असं मला वाटतं, पण तो घराघरांत नाही हेही तितकंच खरं.

12. आमची मांजर उंदीर मारून खाते. तिला सोडून द्यावं का?

मुळीच नको. शिकारी मांजर उंदीर कमी करते. तिची विष्ठा ही एवढीच काळजीची जागा आहे. खाल्लेल्या उंदराची अंडी तिथून बाहेर पडतात, पण ती कच्ची असतात आणि तयार व्हायला महिना घेतात. रोजच्या रोज विष्ठा उचलून टाकली तर ही साखळी तिथेच तुटते. मांजर बागेत किंवा बांधकामाच्या वाळूच्या ढिगाऱ्यात जात असेल तर तो ढीग झाकून ठेवा आणि मुलांना तिथे खेळू देऊ नका. वाळूवर खेळणारी मुलं आणि त्याच वाळूत जाणारी मांजरं हे दृश्य प्रत्येक नव्या इमारतीपाशी दिसतं, आणि मला त्याचीच सर्वात जास्त धास्ती वाटते.

मांजरीला स्वतःला हा आजार क्वचितच होतो. प्रश्न 2 मधल्या पट्टकृमीसाठी मात्र तिला नियमित जंताचं औषध द्या.

13. विष घालावं की पिंजरा लावावा?

पिंजरा. विष खाल्लेला उंदीर माळ्यावर, गटारात, पोत्यांमागे कुठेतरी मरतो आणि तिथेच कुजतो. या जंताला तेच हवं असतं. पिंजऱ्यातला उंदीर निदान तुमच्या हाती लागतो. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्री काठीने उंदीर मारतात आणि मढी गोळा करून जमा करतात. मढी उचलण्याचं त्यांचं ते काम मारण्याइतकंच मोलाचं आहे.

मेलेला उंदीर सापडला तर हात पिशवीत घालून उचला, पिशवी उलटी करून गाठ मारा आणि ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळी द्या. शेतावर असाल तर जाळून टाका. परसात, भाजीच्या वाफ्याजवळ पुरू नका. कंपोस्टच्या खड्ड्यात तर कधीच नको. ओल, ऊब आणि हवा, तिन्ही तिथे आयती मिळतात.

14. आम्ही शेतातले उंदीर भाजून खातो. धोका आहे का?

नीट भाजलेल्या उंदरातून हा जंत होत नाही. कच्चं राहिलं तरी लिव्हरमधली अंडी कच्चीच असतात, त्यामुळे फार तर खोटी लागण होईल. कातकरी बांधव पिढ्यान्‌पिढ्या शेतातले उंदीर खात आले आहेत आणि या खाण्याला नावं ठेवण्याचं काहीच कारण नाही. काळजी आहे ती साफ करताना. आतडी-लिव्हर काढून झोपडीजवळ टाकली की अंडी अंगणातल्या मातीत जातात आणि महिन्याने तिथेच मुलं खेळतात. तो सगळा ऐवज त्याच विस्तवात टाकावा.

15. बकऱ्याच्या किंवा म्हशीच्या कलेजीत किडे दिसले. तेही हेच का?

नाहीत, ते वेगळे. म्हशीच्या किंवा गाईच्या लिव्हरमध्ये पानासारखे चपटे, वळवळणारे किडे असतील तर ते पर्णकृमी, म्हणजे लिव्हर फ्लूक. ते ओढ्या-तळ्याच्या काठच्या गोगलगायीतून गवतावर येतात. माणसाला ते कलेजीतून होत नाहीत. पाणवठ्याजवळची कच्ची पालेभाजी खाल्ल्याने होतात. अल्बेंडाझोल त्यांच्यावर फारसं चालत नाही, ट्रायक्लाबेंडाझोल लागतं. कलेजी खाल्ल्यावर त्यांचीही अंडी शौचात येऊ शकतात, प्रश्न 8 सारखीच फसगत.

बकरी-मेंढीच्या लिव्हरवर पाण्याने भरलेला फुगा असेल तर तो हायडाटिड. तो कच्चा कुत्र्याला टाकू नका. कुत्र्याच्या पोटात त्याचे पट्टकृमी होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या लिव्हरमध्ये नारळाएवढ्या गाठी करू शकतात. खाटीक दुकानामागे कुत्र्यांना लिव्हरचे तुकडे टाकण्याची पद्धत बंद झालीच पाहिजे, एवढं मी ठासून सांगेन.

16. लिव्हरचा कॅन्सर करणारा जंत म्हणतात तो कोणता?

आग्नेय आशियातला ऑपिस्थॉर्किस व्हिवेरिनी आणि चीन-कोरियाकडचा क्लोनॉर्किस. दोन्ही गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांतून येतात आणि पित्तनलिकांमध्ये राहतात. पित्तनलिकेच्या कॅन्सरशी त्यांचं नातं पक्कं ठरलेलं आहे. आपल्याकडच्या शिजवलेल्या माशाच्या कालवणाला ही भीती नाही.

17. जंगलातल्या प्राण्यांना होतो का?

हो. सस्तन प्राण्यांच्या 180हून जास्त जातींत तो सापडला आहे. रवांडातल्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात, माणसांना सरावलेल्या डोंगरी गोरिलांच्या लिव्हरमध्येही तो आढळला. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्याभोवतीचे उंदीर हाच मुख्य मार्ग असतो, म्हणून माकडांच्या पिंजऱ्याजवळ मढी राहू न देणं महत्त्वाचं.

18. हाच जंत उंदरांत मुद्दाम सोडून उंदीर मारता येणार नाहीत का?

ऑस्ट्रेलियाने ते करून पाहिलं आहे. तिथल्या गव्हाच्या पट्ट्यात अधूनमधून घरउंदरांची टोळधाडीसारखी साथ येते. या जंताने उंदराची पिलं कमी होतात असं प्रयोगशाळेत दिसलं होतं, आणि किनाऱ्यापासून आतल्या त्या शेतांत तो मुळात नव्हता. म्हणून 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रँट सिंगलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्समध्ये उंदरांना जंताची अंडी खाऊ घातली. लागण झाली, पण ती पुढे टिकून पसरली नाही आणि उंदरांची संख्या घटली नाही. महिनाभर ओल टिकेल अशी माती हा या जंताचा पहिला हट्ट असतो, आणि कोरडवाहू शेतात तो पुरवणं सोपं नाही.